चूक सांगणारी मराठी

मी जबलपूरच्या एका शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्र विभागात तांत्रिक सहायक आहे. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली. शेती संशोधन म्हटलं की लोकांना चिखल आणि गमबूट आठवतात. माझ्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. शेतावरची माणसं मातीने माखलेली रजिस्टरं घेऊन यायची, मी त्यातले आकडे संगणकात भरायची आणि निकालाचा तक्ता काढून द्यायची. कोणतं वाण खरंच सरस आहे आणि कुठे नुसता योगायोग आहे, हे त्या तक्त्यावरून ठरायचं. काम महत्त्वाचं होतं, पण तक्ता काढणाऱ्या बाईचं नाव कोणी विचारत नसे, आणि त्याचं मला काही वाटतही नसे.

वीस वर्षं मी एकच सॉफ्टवेअर वापरलं. यादीतून रकाना निवडायचा, बटण दाबायचं, तक्ता तयार. मग एका वर्षी त्याचा परवाना पुढे चालू ठेवायचा नाही असं ठरलं. वरून कागद आला की यापुढे सगळ्यांनी संख्याशास्त्राचं ते मोफत मिळणारं, जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर वापरावं. आमचे विभागप्रमुख त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. मी एकोणपन्नास वर्षांची होते आणि विभागात मी एकटीच उरले होते.

नवं सॉफ्टवेअर उघडलं तर पडद्यावर काहीच नाही. ना यादी, ना बटण. एक चिन्ह आणि लुकलुकणारी उभी रेघ. शेजारच्या खोलीतले मृदाशास्त्रज्ञ डोकावून म्हणाले, "दीदी, ये तो टाइपराइटर हो गया." मी हसले, पण पहिलं अक्षर काय लिहायचं हेही मला माहीत नव्हतं.

शिकवणारं कोणी नव्हतं. पण त्या सॉफ्टवेअरची एक गोष्ट मला हळूहळू कळली. त्याच्या प्रत्येक आज्ञेमागे मदतीचं एक पान होतं, पानाच्या तळाशी चालवून पाहण्याजोगी उदाहरणं होती, आणि अडलं तर विचारायला एक सार्वजनिक चर्चापीठ होतं. मी सकाळी दहा ते अकरा दार लोटून रोज एक पान वाचायची आणि खालची उदाहरणं जशीच्या तशी टाइप करायची. इंग्रजी यथातथाच होतं. एकेक वाक्य चार वेळा वाचावं लागे.

तीन महिन्यांनी मी चर्चापीठावर पहिला प्रश्न टाकला. अर्धा दिवस खपून लिहिला होता. उत्तर आलं ते दोन ओळींचं: तुमचा डेटा आम्हाला दिसत नाही, आमच्या मशीनवर चालेल आणि हीच चूक दाखवेल असा छोटा नमुना बनवून पाठवा. मला फार लागलं ते. घरी आले ती तोंड पाडूनच.

घरी म्हणजे दीक्षितपुऱ्यात. आमच्या घरी मी, नवरा आणि सासूबाई. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. सासूबाई मूळच्या अमरावतीकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या आणि त्यांनी शहरातल्या मराठी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. भाषाही आणि गणितही. पुढे मराठी शिकणारी मुलंच उरली नाहीत आणि ते वर्ग बंद झाले. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं, पण आवाज अजून वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"काहून तोंड उतरलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबरच सांगितलं ना त्यांनी," त्या म्हणाल्या. "पोरगं म्हणते गणित येत नाही. मी म्हणते, पाटी दाखव. पाटी पाहिल्याबिगर कसं सांगू कुठे चुकलं? तू पाटी दाखवली नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी नमुना बनवायला बसले. तीनशे ओळींतल्या दहा ओळी ठेवल्या, मग सहा, मग चार. आणि बनवता बनवताच चूक मलाच दिसली. एका वाणाच्या नावापुढे चुकून एक रिकामी जागा पडली होती, त्यामुळे मशीन त्याला वेगळंच वाण समजत होतं. मी चर्चापीठावर आभार मानले आणि चूक काय होती तेही लिहिलं. त्या दिवसापासून तो टाइपराइटर मला परका वाटेनासा झाला.

पुढच्या चार वर्षांत मी बरीच तयार झाले. केंद्रातले तरुण शास्त्रज्ञ, पीएचडीची मुलं माझ्याकडे येऊ लागली. दर बुधवारी दुपारी मी तासभर सगळ्यांसाठी बसायची. खुर्च्या कमी पडायच्या म्हणून मुलं खिडकीत बसायची. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिच्यात काय बदललं याची यादी मी आधी वाचायची आणि हिंदीत सांगायची. ती यादी सहसा कोणी वाचत नाही. मला मात्र तिची गोडी लागली होती.

अशाच एका नव्या आवृत्तीत एक सोय आली. फाइल उघडताना कोणता रकाना आकड्यांचा आणि कोणता गटांचा, हे सॉफ्टवेअर आपणच ओळखू लागलं. आधी ते आपल्याला सांगावं लागे. सगळे खूश झाले. मीही बुधवारच्या तासाला तिचं कौतुक केलं.

त्या हिवाळ्यात जबलपूरजवळच्या पनागरची एक मुलगी माझ्याकडे आली. शेतकऱ्याची मुलगी, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. तिचा विषय होता मटार. आठ वाणं, प्रत्येक तीन-तीन वाफ्यांत लावलेलं, असे दोन हंगाम. तिने तक्ता माझ्या टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली.

"मॅडम, फर्क ही नहीं आ रहा," ती म्हणाली. "आठों व्हरायटी बराबर निकल रही हैं. गाइड सर बोले, नहीं है तो नहीं है, वही लिख दो."

"और तुम क्या कहती हो?"

"मेरे पापा एक बार खेत देखने आए थे. बोले, पाँच नंबर वाली तो मैं आँख बंद करके बता दूँ, फली हाथ में भर जाती है. पर पापा की बात थीसिस में थोड़े लिख सकते हैं."

मी तिला बसवलं आणि तक्ता पाहिला. आठ गटांची तुलना करायची तर तक्त्यात एका ठिकाणी सातचा आकडा यायला हवा. आठातून एक वजा, इतकं सोपं. तिथे एक होता. मी पुन्हा पाहिलं. एकच होता.

मग उलगडा झाला. तिने वाणांची नावं न लिहिता त्यांना एक ते आठ असे क्रमांक दिले होते. सॉफ्टवेअरच्या नव्या सोयीने रकान्यात आकडे पाहिले आणि ते खरेच आकडे धरले. म्हणजे त्याच्या लेखी आठ नंबरचं वाण एक नंबरच्या आठपट होतं, आणि क्रमांक वाढतो तसं उत्पादन वाढतं का, एवढंच ते तपासत होतं. साहजिकच उत्तर आलं, वाढत नाही. कोणतीही चूक दाखवली नाही, पडद्यावर लाल अक्षर नाही. मुकाट्याने खोटा तक्ता काढून दिला.

मी एक शब्द बदलला. रकाना गटांचा आहे असं सांगितलं आणि पुन्हा चालवलं. सात आला. वाणांमधला फरक स्वच्छ दिसला, दोन्ही हंगामांत. आणि सगळ्यांच्या वर, बाकीच्यांपासून चांगलं अंतर राखून, पाच नंबर.

मुलगी पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने तोंडावर हात धरला आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "पापा सही थे," एवढंच म्हणाली.

ती गेल्यावर मी मात्र अस्वस्थ झाले. बुधवारच्या तासाला त्या सोयीचं कौतुक मीच केलं होतं. वाणांना क्रमांक देणं तर सगळीकडे चालतं. किती मुलांनी असे तक्ते काढून "फरक नाही" लिहून टाकलं असेल? मी जुन्या फायली काढल्या. आमच्याच केंद्रात आणखी दोघांचं तसं झालेलं निघालं. त्यांना बोलावून दुरुस्त करून दिलं. पण हे आमच्यापुरतं होतं.

मी चर्चापीठावर लिहिलं. या वेळी पाटी सोबत होती: चोवीस ओळींचा नमुना, खोटा तक्ता, खरा तक्ता आणि एक सूचना. रकान्यात मोजकेच पूर्णांक असतील आणि ते पुन्हा पुन्हा येत असतील, तर सॉफ्टवेअरने निदान विचारावं की हे गट आहेत का. त्या भागाची देखरेख करणारी एक बाई होती, कुठल्याशा थंड देशातल्या विद्यापीठात शिकवणारी. तिचं उत्तर आठवडाभर आलं नाही. मग आलं ते लांबलचक. तिने आधी विरोध केला. दर वेळी विचारत बसलं तर लोक वैतागतील, म्हणाली. मी परत लिहिलं की वैतागलेला माणूस दोन मिनिटांत विसरतो, पण खोटा तक्ता प्रबंधात जाऊन बसतो. आमची ही चर्चा महिनाभर चालली. आणखी काही देशांतले लोक त्यात उतरले. कोणी तांदळाचं उदाहरण दिलं, कोणी औषधांच्या चाचणीचं. शेवटी तिने लिहिलं, तुमचं म्हणणं मान्य आहे, पुढच्या आवृत्तीत सूचना येईल, आणि मदतीच्या पानावर उदाहरण तुम्हीच लिहा.

ते उदाहरण मी मटाराचं लिहिलं. आठ वाणं, चोवीस वाफे. आज जगात कुठेही ते पान उघडलं तर मटारच दिसतो. ते पान मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा माझी मान आपोआप ताठ झाली, हे मी लपवत नाही.

प्रबंध मान्य झाल्यावर ती मुलगी वडलांना घेऊन आमच्या घरी आली. त्यांनी मटाराच्या शेंगांचं पोतं आणलं होतं. साधा, कमी बोलणारा माणूस. जाताना हात जोडून म्हणाले, "बहनजी, हमारी आँख की बात आपने कागज पे ला दी." सासूबाई म्हणाल्या, "भैया, बेटी को पढ़ाया, ये बड़ी बात है."

त्याच दिवसांत त्या देखरेख करणाऱ्या बाईचं आणखी एक पत्र आलं. सॉफ्टवेअर ज्या सूचना आणि चुका पडद्यावर दाखवतं, त्यांची भाषांतरं स्वयंसेवक करतात. हिंदीचं काम बरंच झालं होतं. मराठीचं कोणीतरी सुरू करून अर्धवट सोडलं होतं. तुमची भाषा कोणती, तिने विचारलं होतं.

ऑफिसात हिंदी, बाजारात हिंदी, नवऱ्याशी अर्धी हिंदी अर्धी मराठी. मुलीला मराठी कळते, पण उत्तर हिंदीत येतं. मराठी आमच्या घरात होती ती सासूबाईंमुळे आणि त्यांच्यापुरती. तरी मी लिहिलं, माझी भाषा मराठी.

चारशेच्या वर वाक्यं होती. आधीच्या माणसाचं काम पाहिलं तर एक वाक्य होतं, "वाद गहाळ आहे." आज्ञेला जी माहिती द्यावी लागते तिला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा दुसरा अर्थ भांडण. त्याने तोच घेतला होता. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना वाचून दाखवलं तर हसता हसता त्यांच्या मांडीवरचे दाणे सांडले. "कोणाचा वाद? आणि गहाळ झाला तर बरंच झालं ना!"

आम्ही केलं, "आवश्यक माहिती दिलेली नाही."

असा आमचा रोजचा दुपारचा नियम झाला. मी सुट्टीच्या दिवशी आणि ऑफिसातून लवकर आले तर चारच्या चहानंतर बसायची. त्यांची नजर कमी झाली होती म्हणून मी सगळी वाक्यं मोठ्या अक्षरांत छापून आणली. सदर बाजारातल्या छपाईच्या दुकानातला माणूस कागद चाळत म्हणाला, "मराठी में? जबलपुर में कौन पढ़ेगा, दीदी?" मी म्हटलं, "मेरी सास." त्याने वर एक जाड पुठ्ठा लावून दिला.

सासूबाई लाल पेन घेऊन बसायच्या. मी चुकीला "त्रुटी" लिहिलं होतं, हिंदीत तसं आहे म्हणून. त्यांनी खोडलं. "त्रुटी म्हणजे उणीव. हे तर चुकलं म्हणून सांगून राहिलं ना? मग सरळ 'चूक' म्हण. पोराला 'चूक' कळते." दुसऱ्या ठिकाणी मी "सावधान" लिहिलं. "लग्न लावून राहिली का?" तिथे "इशारा" आलं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो न नोंदलेल्या आकड्याच्या शब्दावर. शेतात एखादा वाफा रानडुकराने खाल्ला, तर तिथे उत्पादन शून्य नसतं. तिथे आकडाच नसतो. हा फरक मुलांना समजावता समजावता माझी वर्षं गेली. सासूबाईंना मी तो समजावू लागले तर त्यांनी हात वर केला.

"मला काय सांगतेस? पेपरच्या दिवशी पोरगं आलं नाही, तर मी त्याला शून्य देत नव्हते. गैरहजर लिहायची. वर्गाची सरासरी काढताना त्याला धरायची नाही. शून्य म्हणजे बसला आणि काही आलं नाही."

मी पेन खाली ठेवलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतक्या नेमक्या शब्दांत मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. आम्ही "नोंद नाही" हा शब्द ठरवला आणि मदतीच्या पानाच्या मराठी मजकुरात त्यांचं गैरहजर मुलाचं उदाहरण जसंच्या तसं घातलं.

पहिली शंभर वाक्यं पाठवली. ती तपासायला पुण्याचे एक गृहस्थ होते, संगणकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी पंधरा-वीस वाक्यांवर शेरा मारला होता: हिंदी वळणाचं. मी लिहिलं होतं "फाइल मिळाली नाही." त्यांनी लिहिलं, "मराठीत फाइल सापडते. मिळते ती भेटवस्तू. भाषांतर करणाऱ्यांची मातृभाषा मराठी आहे ना?"

तो शेवटचा प्रश्न माझ्या जिव्हारी लागला. लहानपणापासून नागपूरच्या नातेवाइकांत हेच ऐकत आले होते, तुम्ही जबलपूरवाले हिंदीत मराठी बोलता. मी कागद बाजूला सारले आणि म्हटलं, "आई, हे माझं काम नाही. पुण्यातलं कोणी करेल."

सासूबाईंनी शेरे वाचायला मागितले. एकेक वाचून त्या काही ठिकाणी मान हलवत होत्या, काही ठिकाणी नाक मुरडत होत्या.

"हा माणूस खरं बोलून राहिला," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या माझी बाजू घेतील. "मिळणं वेगळं, सापडणं वेगळं. तू इथलीच, तुला कोणी सांगितलंच नाही. मी पन्नास वर्षं ऐकून राहिले आणि मीही सोडून दिलं. ते माझं चुकलं. ही दुरुस्ती घ्यायची."

"आणि तो प्रश्न?"

"त्याला उत्तर द्यायचं. पण आधी त्याच्या चुका पाहू."

प्राध्यापकांनी डेटासाठी सगळीकडे "विदा" हा शब्द सुचवला होता. "विदा उघडता आली नाही." "विदा रिकामी आहे." सासूबाई थक्क झाल्या. "हे काय? मुलीची विदाई?"

मी प्राध्यापकांना पत्र लिहिलं. सासूबाई सांगत होत्या, मी टाइप करत होते. लिहिलं की हे काम मी आणि माझ्या सासूबाई मिळून करतो, 'नोंद नाही'पुढचं गैरहजर मुलाचं उदाहरण त्यांचंच; आपल्या पंधरा दुरुस्त्या मान्य, आभारी आहोत. माझी मातृभाषा मराठीच आहे, ती अशा गावात वाढली आहे जिथे तिला सोबत कमी मिळाली. पण हे सॉफ्टवेअर वापरणारी मुलं भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याकडचीही असतील. आमच्याकडे विदा म्हणजे मुलीची पाठवणी. पडद्यावर "विदा रिकामी आहे" वाचून त्यांना रडू येईल, चूक कळणार नाही. 'डेटा' हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडात आहे, तोच ठेवावा.

चार दिवसांनी उत्तर आलं. लिहिलं होतं, पत्र वाचून मी आणि माझी पत्नी मनापासून हसलो. 'डेटा' ठेवू. आणि खाली एक ओळ: "त्या प्रश्नाबद्दल क्षमस्व. तुमच्या सासूबाईंचं 'नोंद नाही' फार आवडलं. आम्ही इथे तीन वर्षं तो शब्द शोधतो आहोत."

सासूबाईंनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. "हुशार आहे माणूस," असा निकाल दिला. पुढची तीनशे वाक्यं आम्ही तिघांनी मिळून केली. काही शब्दांवर ते अडले, काहींवर आम्ही. वाद झाले, पण गहाळ कोणताच झाला नाही.

नवी आवृत्ती आली ती एका मंगळवारी. मी ऑफिसात ती मशीनवर चढवली, भाषेच्या जागी मराठी निवडलं आणि मुद्दाम नसलेल्या फाइलचं नाव दिलं. पडद्यावर आलं: "चूक: ही फाइल सापडली नाही."

मी कितीतरी वेळ ती ओळ पाहत बसले. मग पुन्हा चुकीची आज्ञा दिली, मग आणखी एक. चुकांवर चुका करत होते आणि प्रत्येक चूक सासूबाईंच्या शब्दांत पडद्यावर येत होती. मृदाशास्त्रज्ञ आत आले. त्यांनी डोळे बारीक करून वाचलं. "दीदी, ये मराठी है? ये आपने लिखा?"

"हमने," मी म्हटलं. "मेरी सास ने और मैंने."

ते बाहेर जाऊन आणखी चौघांना घेऊन आले. पनागरची ती मुलगी आता आमच्याच केंद्रात कामाला लागली होती, तीही आली. तिने खुर्ची ओढली आणि आठ क्रमांकांची तिची जुनी फाइल उघडली. सॉफ्टवेअर थांबलं. मराठीत विचारलं: "या रकान्यात आठच वेगवेगळे आकडे आहेत. हे गट आहेत का?" तिने अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, ये तो समझ में आ रहा है." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या विभागात त्याआधी कधी टाळ्या वाजल्याचं मला आठवत नाही.

काही आठवड्यांनी वर्ध्याकडच्या एका महाविद्यालयातल्या शिक्षिकेचं पत्र आलं. तिच्या वर्गातली मुलं इंग्रजी चूक दिसली की मशीन बंद करून टाकायची. आता वाचतात, म्हणाली, आणि भांडतात की चूक कोणाची. मुलीचा बंगळुरूहून फोन आला. तिने तिच्या ऑफिसात आमचे संदेश उघडून पाहिले होते आणि मला ते वाचून दाखवत होती. आपली आजी असं बोलते, म्हणाली. ते तिने मराठीत सांगितलं.

प्रत्येक आवृत्तीसोबत मदत करणाऱ्यांची नावं छापतात. त्या यादीत माझ्या नावाखाली मी सासूबाईंचं नाव द्यायला लावलं होतं, पुढे "शब्द" एवढंच. त्यांना मी सांगितलं नव्हतं. ते पान मोठ्या अक्षरांत छापून घरी नेलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला, बोट खाली सरकवत नेलं आणि त्यांचं बोट थांबलं. शाळेतल्या एकतीस वर्षांत त्यांचं नाव हजेरीच्या पुस्तकावर आणि पगारपत्रकावर सोडून कुठे छापून आलं नव्हतं.

"हे दुसऱ्या देशातले लोकही पाहतील?" त्यांनी विचारलं.

"सगळे पाहतील, आई."

"अच्छा." त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग माझा हात धरून मला शेजारी बसवलं. "चांगलं काम केलं आपण, बाई," म्हणाल्या. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी मला 'आपण'मध्ये धरून अशी शाबासकी पहिल्यांदा दिली. ते पान त्यांनी महाराष्ट्र मंडळात नेलं आणि सगळ्यांना दाखवलं. नवरा सांगतो, चहा येईपर्यंत तिथे दुसरा विषयच निघू दिला नाही.

पण घरी आल्यावर त्यांनी पुठ्ठा लावलेले आमचे कागद पुन्हा मागितले, आणि मला नव्या आवृत्तीतली वाक्यं एकेक करून वाचायला लावली. एकशे बाराव्या वाक्याला त्यांनी मला थांबवलं आणि कागदावर वाकून पाहिलं.

"'पुर्ण'? पू दीर्घ पाहिजे. हे असंच छापून गेलं?"

"गेलं, आई. माझ्याकडून राहून गेलं."

"सगळी दुनिया वाचून राहिली आणि पु ऱ्हस्व!" त्यांनी लाल पेनाने गोल केला. "बस. आत्ताच लिही त्यांना."

मी चहाचा कप बाजूला ठेवला, लॅपटॉप उघडला आणि लिहायला बसले.